घरगुती वायफायवरील अनोळखी उपकरणांची ओळख

राउटरच्या यादीत जोडलेले दिसणारे, पण घरातल्या कोणालाही न उमगणारे उपकरण कोणाचे व कोणत्या प्रकारचे आहे, हे ठरविण्याची रीत. यादी राउटरच्या व्यवस्थापन पानावर मिळते (बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१; जिओफायबरवर १९२.१६८.२९.१). तीत उपकरणाचे नाव, आयपी पत्ता (राउटरने जोडणीपुरता दिलेला क्रमांक) व मॅक पत्ता (उपकरणाच्या नेटवर्क भागाचा स्वतःचा क्रमांक) असतो. नाव उपकरण स्वतःच सांगते, म्हणून तो पुरावा नव्हे. आयपी पत्ता बदलता असतो. त्यामुळे ओळखीचा भार मॅक पत्त्यावर पडत आला.

मॅक पत्ता ४८ बिटांचा, म्हणजे १२ हेक्स अंकांचा (० ते ९ व ए ते एफ) असतो. झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात १९७३ च्या सुमारास सुरू झालेल्या प्रायोगिक ईथरनेटमध्ये (संगणक वायरीने जोडण्याच्या पद्धतीत) पत्ता अवघा ८ बिटांचा होता. ४८ बिटांचा पत्ता डेक (डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन), इंटेल व झेरॉक्स यांच्या १९८० च्या संयुक्त मानकात आला आणि त्यामागची भूमिका योगेन दलाल (मुंबई आयआयटीचे पदवीधर) व रॉबर्ट प्रिंटिस यांनी १९८१ च्या निबंधात मांडली. पहिले सहा अंक निर्माता कळावा म्हणून योजले, असे बऱ्याच ठिकाणी लिहिलेले आढळते. निबंधाचा रोख मात्र यंत्र एका जाळ्यातून दुसऱ्यात नेले तरी पत्ता तोच व जगात एकमेव राहावा, असा आहे. निर्मात्याचे नाव हे पत्त्यांचे गट वाटून देण्याच्या सोयीतून आले, हे मत अधिक ग्राह्य वाटते. पुढे, १९८० च्या दशकाच्या मध्याच्या आसपास, हे वाटप आयईईई या अभियंत्यांच्या मानके ठरविणाऱ्या संस्थेकडे गेले.

व्यवहारात हा भेद महत्त्वाचा ठरतो. पहिल्या सहा अंकांवरून मिळणारे नाव पुष्कळदा वायफायचा भाग बनविणाऱ्याचे असते, उपकरण विकणाऱ्याचे नव्हे. टीव्ही किंवा लॅपटॉप ‘होन हाय’, ‘अझुरवेव्ह’ वा ‘मुराता’ या नावाने दिसतो. स्मार्ट प्लग, दिवे व वायफाय रिले (वायफायवरून चालणारी बटणे) ‘एस्प्रेसिफ’ म्हणून दिसतात. या शांघायच्या कंपनीची ईएसपी८२६६ ही चिप २०१४ पासून अशा स्वस्त वस्तूंत सर्रास आहे. ती फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालते. तेव्हा ५ गिगाहर्ट्झच्या यादीत दिसणारे उपकरण या चिपचे नव्हे, एवढे निश्चित.

दुसरी अडचण बदलत्या पत्त्यांची. फोनचा माग काढता येऊ नये म्हणून तात्पुरता पत्ता वापरावा, ही कल्पना संशोधनात सुमारे २००३ पासून दिसते. अँड्रॉइड १० (२०१९) व आयओएस १४ (२०२०) पासून फोन प्रत्येक नेटवर्कसाठी वेगळा बनावट पत्ता आपोआप घेतात. तो ओळखण्याची खूण पक्की आहे : दुसरा हेक्स अंक २, ६, ए किंवा ई असतो. अशा पत्त्यावरून निर्माता शोधणे व्यर्थ, पण तेवढ्यावरून उपकरण संशयास्पदही ठरत नाही. बहुतेकदा तो घरातलाच फोन असतो. फोनच्या वायफाय सेटिंगमध्ये त्या नेटवर्कपुढे हाच पत्ता लिहिलेला असतो, तो ताडून पाहावा. आयफोन सहा आठवडे जोडला गेला नाही तर पुढच्या वेळी नवा पत्ता घेऊ शकतो. आखाजीला (अक्षय तृतीयेला) माहेरी आलेल्या लेकीचा फोन दिवाळीला पुन्हा अनोळखी म्हणून झळकतो, तो यामुळे.

म्हणून वजाबाकीची पद्धत सर्वांत भरवशाची. डीएचसीपीची (राउटरने वाटलेल्या आयपी पत्त्यांची) यादी यासाठी वापरू नये : गेलेले उपकरणही लीज, म्हणजे पत्त्याची मुदत, संपेपर्यंत (अनेक राउटरांवर २४ तास) तीत राहते. ‘वायरलेस क्लायंट्स’ची चालू यादी उघडून घरातली उपकरणे एकेक बंद करावीत आणि मिनिटभराने यादी ताजी करून कोणती ओळ गेली ते टिपावे. जळगाव-धुळ्याकडे भारनियमनाची वेळ ही आयती चाचणी होते. राउटर इन्व्हर्टरवर असेल तर यादीत फक्त बॅटरीवरची आणि इन्व्हर्टरच्या वायरिंगवरची उपकरणे उरतात. राउटरही बंद पडत असेल तर वीज आल्यावर सारी एकदम जोडली जातात, आयपी पत्ते अदलाबदल होऊ शकतात आणि जुनी टिपणे निरुपयोगी ठरू शकतात. टिपण मॅक पत्त्यासह ठेवावे ते यासाठीच.

उरलेल्या ओळीसाठी लॅपटॉपवरून एनमॅप या तपासणी-प्रोग्रामने पोर्ट (उपकरण ज्यांवर सेवा देते ती क्रमांकित दारे) तपासतात : ५५४ उघडे असल्यास बहुधा कॅमेरा किंवा डीव्हीआर, ९१०० असल्यास प्रिंटर, ८००९ असल्यास क्रोमकास्टसारखे काही. पिंगच्या (उपकरण जागे आहे का हे विचारणाऱ्या संदेशाच्या) उत्तरात टीटीएल हा आकडा १२८ आला तर विंडोज, ६४ आला तर अँड्रॉइड, ॲपल किंवा लिनक्स असा अंदाज करतात. विंडोजचे फायरवॉल पिंगला उत्तर देईलच असे नाही. मोबाईलवरची स्कॅनर ॲप अपुरी पडतात, कारण आयओएस ११ व अँड्रॉइड १० पासून ॲपना मॅक पत्त्यांची सारणी वाचता येत नाही.

खानदेशातील धाब्याच्या (मातीच्या सपाट छताच्या) घरांत जाड मातीच्या भिंतींमुळे मागच्या खोलीसाठी रिपीटर (वायफाय पुढे पोचविणारे यंत्र) लावावा लागतो. काही रिपीटर त्यांच्यामागच्या सर्व उपकरणांना स्वतःचाच मॅक पत्ता लावतात. एका पत्त्यापुढे तीन-चार आयपी दिसल्यास घुसखोर समजू नये. लॅपटॉप वायर व वायफाय दोन्हींनी जोडला असेल तर उलट होते : यंत्र एक, पत्ते दोन. मळ्यातल्या विहिरीवरचा, पंप फोनवरून चालू-बंद करणारा मोबाईल स्टार्टर सिमवर चालतो, तो या यादीत येत नाही.

ओळ तरीही उलगडली नाही तर पासवर्ड बदलून डब्ल्यूपीए२ वा डब्ल्यूपीए३ ही सुरक्षा-पद्धत ठेवतात आणि डब्ल्यूपीएस (पासवर्डाऐवजी बटण वा पिनने जोडण्याची सोय) बंद करतात. त्याच्या पिनमधील दोष २०११ अखेर उघड झाला आहे. मॅक पत्ता ‘ब्लॉक’ करणे बदलत्या पत्त्यांपुढे टिकत नाही. परवानगीवाचून दुसऱ्याच्या नेटवर्कमध्ये शिरणे माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ व ६६ खाली येते.