जावाचे ६ व्होल्ट, १२ व्होल्ट आणि मधला कटआउटचा घोळ

जुन्या जावा मोटारसायकलची ६ व्होल्टची वायरिंग १२ व्होल्टची करून घ्यावी का, आणि कशी, यावर जुन्या गाडीवाल्यांत वाद चालतो. म्हैसूरला १९६१ पासून जावा बनायला लागली तेव्हा तिच्यात ६ व्होल्टचा, ४५ वॉटचा डायनामो, म्हणजे इंजिनवर फिरून वीज बनवणारा जनित्र, होता. बॅटरीच्या एका सेलचे साधारण २ व्होल्ट धरले तर तीन सेलमध्ये काम भागायचं, बॅटरी छोटी, गाडी किकवर, सेल्फ (बटणाचा स्टार्टर) नाहीच. परदेशात बऱ्याच मोटारी १९५० च्या दशकात १२ व्होल्टवर गेल्या कारण त्यांना सेल्फ फिरवायचा होता. किकच्या गाड्यांना ती घाई नव्हती म्हणून त्या मागे राहिल्या, एवढंच.

आता हिशोब बघा. हेडलाइटचा ३५ वॉटचा बल्ब आणि मागचा ५ वॉटचा, झाले ४०. पॉइंट (ठिणगीसाठी करंट जोडणारा-तोडणारा स्विच) जुळलेला असताना इग्निशनची कॉइल ३ अँपिअरच्या आसपास खेचते, म्हणजे अजून १८ वॉट. ब्रेक लाइट आणि हॉर्न वेगळेच. रिकाम्या रस्त्यावर, गाडी पळत असताना हे कसंबसं चालून जायचं, पण ठाण्यात तीन हात नाक्याच्या सिग्नलला किंवा माजिवड्याच्या पुलाखाली गाडी आयडलला घुरघुरत असली की डायनामो चार्जच देत नाही, चार्जिंग होत नसल्याचा लाल दिवा लागून राहतो आणि सगळा भार बॅटरीवर. गाडी आहे तीच आहे हो, रस्ता बदलला. ठाण्यात १२ व्होल्टची मागणी खरी वाढली ती ट्रॅफिकमुळे, असं माझं मत आहे.

दुसरं कारण खाडीची हवा. इथे बल्बच्या होल्डरला, अर्थच्या वायरला हिरवट थर चढतो, आणि ६ व्होल्टला तो फार महाग पडतो. ३५ वॉटचा बल्ब ६ व्होल्टवर जवळपास ६ अँपिअर घेतो, वाटेत ०.१ ओहमचा जरी अडथळा आला तरी ०.६ व्होल्ट तिथेच गेले, म्हणजे १० टक्के, आणि बल्बचा उजेड तेवढ्याने तीसेक टक्के पडतो. तोच बल्ब १२ व्होल्टचा असेल तर ३ अँपिअर, ०.३ व्होल्ट, अडीच टक्के. म्हणून १२ व्होल्ट केल्यावर लोकांना एकदम लख्ख वाटतं. पण माझ्या गाडीत नुसता अर्थचा बोल्ट सोडून पॉलिश पेपरने घासून परत आवळला तेव्हा पिवळा पडलेला दिवा अर्धाअधिक सुधारला होता, हे सांगायलाच हवं, कारण कितीतरी जण याच्यासाठीच हजारो रुपये घालवतात.

आता तो शब्द. कटआउट. मूळ अर्थ सरळ आहे: डायनामो डीसी करंट देतो, आणि इंजिन हळू असताना बॅटरीतला करंट उलटा डायनामोत जाऊ नये म्हणून मध्ये एक रिले बसवलेला असतो, तो कटआउट. त्याच डबीत रेग्युलेटरही असतो, तो फिल्ड कॉइलचा (डायनामोत चुंबकत्व तयार करणाऱ्या गुंडाळीचा) करंट कमी जास्त करून व्होल्टेज आवरतो. काळी डबी उघडली की आत पत्र्याच्या पट्ट्या आणि बारीक पॉइंट दिसतात, एक्सिलरेटर दिला की टक् करून चिकटतात. मिस्त्री लोक या पूर्ण डबीलाच कटआउट म्हणायला लागले. मग अल्टरनेटरच्या गाड्या आल्या, त्यांचा करंट एसी, त्यांना लागतो एसीचा डीसी करणारा रेक्टिफायर, उलटा करंट त्यातले डायोडच अडवतात. पण तोंडात बसलेला शब्द सुटला नाही, त्या डबीलाही कटआउट, आणि गंमत म्हणजे अल्टरनेटरलाही डायनामोच. दुकानात "१२ व्होल्टचा कटआउट द्या" म्हटलं की समोरचा काय देईल याचा नेम नाही. मला असाच अल्टरनेटरचा आरआर (रेग्युलेटर-रेक्टिफायर) युनिट दिला गेला, मेकॅनिकने बसवला, फिल्डच्या वायरला जोडायला त्यात जागाच नव्हती ती तशीच टेप मारून ठेवली. चार्जिंग शून्य. दोन दिवस गाडी नुसत्या बॅटरीवर पळाली आणि रात्री विटाव्याच्या पुलाजवळ बंद पडली, तिथून ढकलत आणली. दुकानदाराला शिव्या देण्यात अर्थ नाही, शब्दच तसा झालाय. पण जुन्या गाडीवाल्यांनी तरी "डायनामोचा रेग्युलेटर" असंच म्हणावं, कळकळीने सांगतो.

खरा वाद याच्या पुढचा. एक बाजू म्हणते डायनामो तोच ठेवा, फक्त इलेक्ट्रॉनिक १२ व्होल्टचा रेग्युलेटर लावा, इग्निशनची एचटी कॉइल, हॉर्न, बल्ब, बॅटरी बदला. तेवढ्याच अँपिअरला व्होल्ट दुप्पट म्हणजे पळत्या गाडीत वॉट जवळपास दुप्पट. पण १२ व्होल्ट गाठायला डायनामो आधीपेक्षा जास्त फिरावा लागतो, लाल दिवा उशिरा विझतो, आणि ६ व्होल्टसाठी गुंडाळलेली फिल्ड कॉइल तापते. दुसरी बाजू डायनामोच काढून चुंबकाच्या रोटरचा अल्टरनेटर बसवते, घासणारे कार्बन ब्रश नाहीत, बहुतेक वेळा पॉइंटही नाही, कमी आरपीएमला चार्ज.

माझा कल पहिल्या बाजूला आहे आणि त्याचं कारण एलईडी. १२ वॉटचा एलईडी १२ व्होल्टवर १ अँपिअर घेतो, त्यामुळे सिग्नलला उभं असताना बॅटरी पूर्वीसारखी बसत नाही. अल्टरनेटरची जी मुख्य गरज होती तीच कमी झाली. त्यात २०२१ च्या विंटेज नोंदणीच्या नियमाने ५० वर्षांवरच्या गाडीच्या चॅसिस, बॉडी आणि इंजिनात मोठे बदल नकोत असं सांगितलंय. जावाचा डायनामो थेट क्रँकच्या टोकावर बसतो, मग तो काढणं म्हणजे इंजिनातला बदल की नुसत्या वायरिंगमधला, यावर दोन्ही बाजूंनी हिरीरीने बोललं जातं. १९७० च्या दशकातल्या सुरुवातीच्या गाड्या या वयात आल्यात, त्यामुळे ज्याने कुणी अल्टरनेटर बसवलाय त्याने जुना डायनामो भंगारात दिला नसला म्हणजे मिळवली. माझी ती जुनी काळी डबी तेलाच्या फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवली आहे.