पार्श्वभूमी : पडद्यावर सावत्र आई, मग सावत्र वडील कुठे?

सावत्र आईने वर मागितला म्हणून राम पंचवटीत आला, हे नाशिककराला वेगळं सांगायला नको. कैकेयीचा साचा आपल्या पडद्याने इतका घट्ट धरला, की १९९९च्या ‘हम साथ-साथ हैं’मध्येही थोरल्या सावत्र मुलाला घराबाहेर काढायला लावणारी आई आहे आणि तो राहायला जातो ते गाव रामपूर. त्याआधी सात वर्षं, १९९२च्या ‘बेटा’त, इस्टेटीसाठी मुलाला मुद्दाम अडाणी ठेवणारी सावत्र आई होती. थिएटरात तिच्या नावाने बोटं मोडली जात.

मुळात सावत्र आया एवढ्या होत्या, कारण बाळंतपणात बायका फार मरत आणि बिजवराला लगेच कुमारिका मिळे. त्या कुमारिकेचं काय होत असेल, हे १९३७मध्ये ‘कुंकू’ने दाखवलं. बिजवर म्हातारा, त्याचा मुलगा नव्या आईवरच वाईट नजर ठेवणारा. तिची बाजू घेते ती समाजकार्य करणारी सावत्र मुलगी. सावत्रपणाकडे इतकं थेट पाहणारा चित्रपट नंतर क्वचितच निघाला, असं माझं मत आहे.

सावत्र वडील मात्र पडद्यावर जवळपास नाहीतच. दिग्दर्शकांना ते सुचले नाहीत असं नव्हे. घराघरांतच ते कमी होते. १८५६चा विधवा पुनर्विवाहाचा कायदा आपण शाळेत सुधारणेचं पाऊल म्हणून शिकतो. पुढची कलमं धड्यात नसतात. विधवेने दुसरं लग्न केलं की पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा तिचा हक्क जाई. मुलांसाठी दुसरा पालक नेमावा म्हणून मेलेल्या नवऱ्याच्या नातेवाइकांना कोर्टात अर्जही करता येई. ज्या जातींत पाट, म्होतूर म्हणजे विधवेचं दुसरं लग्न पूर्वीपासून चालत होतं, तिथेही मिळकत जाते असाच अर्थ मुंबई इलाख्यात लावला गेला. थोडक्यात, बाई गेली तर एकटीने जायची, पोर आजी-आजोबांकडे. मग सावत्र बापाची गोष्ट सांगणार कोण?

हा कायदा रद्द झाला १९८३मध्ये. त्याच वर्षी आलेल्या ‘मासूम’ला लोक अजून समंजस सावत्रपणाचा मैलाचा दगड मानतात. तो आहेही. पण तिथेही मूल नवऱ्याचं आणि सामावून घ्यायचं बायकोने. दोन्हीकडची मुलं एका छपराखाली आणणारा ‘खट्टा मीठा’ १९७८चा; कथेचं मूळ १९६८च्या अमेरिकी चित्रपटात आणि पडद्यावरची घरं पारशी. हिंदू घर दाखवायचं धाडस तेव्हा झालं नाही, असं म्हटलं तर काहींना राग येईल. २०१०मध्ये ‘वी आर फॅमिली’ आला, तोही १९९८च्या अमेरिकी चित्रपटावरून. नवी बाई खलनायिका नाही, पण तिला जागा मिळावी म्हणून सख्ख्या आईला दुर्धर आजार द्यावाच लागला.

खरी उलथापालथ झाली ती कोर्टात, २०२२ साली. मूल काही महिन्यांचं असताना वडील गेले, आईने दुसरं लग्न केलं, मुलाला नव्या घरचं आडनाव लावलं. आजी-आजोबा कोर्टात गेले. आंध्रच्या उच्च न्यायालयाने जुनं आडनाव परत लावायला सांगितलं आणि कागदपत्रांत नव्या नवऱ्याची नोंद ‘सावत्र वडील’ अशी करावी, असंही म्हटलं. सर्वोच्च न्यायालयाने ते फिरवलं. मुलाचं आडनाव ठरवण्याचा हक्क आईचा, आणि ‘सावत्र’ अशी नोंद मुलाच्या मनावर काय परिणाम करील याचा विचार न करणारी, जवळपास क्रूर आहे, असं निकालात आहे. आजी-आजोबांच्या बाजूनेही बोलणारे होते: मुलगा गेला, आता त्याचं नावही पुसायचं का? हा प्रश्न खोटा नाही. तरी शाळेत रोज हजेरीला उभं राहायचं असतं ते पोराला, आजोबांना नाही.

आपल्याकडे हा गुंता आणखी वाढतो, कारण मराठी मुलाच्या नावात वडील मधोमध बसलेले असतात. नुसतं आडनाव बदलून भागत नाही. १ मे २०२४ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांच्या सरकारी कागदांवर आधी आईचं नाव, मग वडिलांचं, असा क्रम राज्याने ठरवला. आईला जागा मिळाली, चांगलंच झालं. मधल्या नावासाठी वडील कोणते, हा फेरविवाहाच्या घरातला पेच तसाच राहिला.

नाशिकच्या पुनर्विवाह वधूवर मेळाव्यांत ‘विनापत्य’ ही अट अजून सर्रास ऐकू येते, आणि ती घालणारे बहुतेक पुरुषच असतात. आधीचं मूल असलेल्या बाईवर जीव जडलेला नायक मराठीत घरोघर पोचला तो चित्रपटातून नव्हे, २०२१च्या ‘माझी तुझी रेशीमगाठ’ या मालिकेतून. तिथे नायक श्रीमंत होता आणि मूल गोड, बडबडी मुलगी. बेताच्या पगाराचा सावत्र बाप आणि त्याला ‘काका’च म्हणत राहणारा चौदा वर्षांचा मुलगा, ही जोडी मराठी चित्रपटात निदान माझ्या तरी पाहण्यात नाही.