खाडीचं क्षेत्रफळ नेमकं किती?

ऐरोलीतल्या शाळेत पर्यावरण प्रकल्पाला ठाणे खाडीचा विषय मिळाला, की मुलं आधी मोबाईलवर क्षेत्रफळ शोधतात. एका ठिकाणी १,६९० हेक्टर सापडतं, दुसरीकडे ६,५२१. जे वर दिसलं ते वहीत उतरतं.

गंमत म्हणजे दोन्ही आकडे बरोबर आहेत. २०१५ साली जाहीर झालेलं फ्लेमिंगो अभयारण्य साधारण १,६९० हेक्टरांचं. २०२२ मध्ये खाडी रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेली, तेव्हा अभयारण्याभोवतीचा पर्यावरण-संवेदनशील पट्टाही त्यात धरला गेला आणि आकडा ६,५२१ झाला. रामसरची नोंद आणि सरकारी अधिसूचना उघडली की कोडं सुटतं. म्हणजे आकडा खरा की खोटा एवढं विचारून भागत नाही. तो कशाचा, कोणी आणि कधी मोजला, हेही बघावं लागतं.

पण समोरचं पान भरवशाचं आहे हे ओळखायचं कसं? अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचे सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी १० इतिहासतज्ज्ञ, १० व्यावसायिक तथ्य-तपासनीस आणि २५ विद्यार्थ्यांना संगणकापुढे बसवलं. बालरोगतज्ज्ञांच्या दोन संघटनांची पानं दाखवली. एक संघटना जुनी, हजारो डॉक्टरांची. दुसरी तिच्यातून फुटलेला छोटा गट. नावं मात्र सारखीच भारदस्त. अनेक विद्यार्थ्यांना फुटीर गटाचंच पान जास्त विश्वासार्ह वाटलं. इतिहासतज्ज्ञांपैकीही काहीजण फसले. दोघेही त्याच पानावर रेंगाळत मांडणी, बोधचिन्ह, संदर्भांची यादी न्याहाळत बसले होते. तपासनीसांनी काही क्षणांतच दुसरा टॅब उघडला आणि या संघटनेबद्दल इतर काय म्हणतात ते पाहिलं. स्थळाची चौकशी आपण पाहुण्यांकडे करत नाही, शेजाऱ्यांकडे करतो, तसंच हे.

पत्त्यातल्या ‘डॉट ओआरजी’ला भुलू नये, तो कोणीही विकत घेऊ शकतो. ‘जीओव्ही डॉट इन’ फक्त सरकारी यंत्रणांना मिळतो. विकिपीडियावर सरसकट बंदी घालणाऱ्या शिक्षकांशी माझं जमत नाही. लेखाच्या तळाशी संदर्भ असतील तर मूळ कागदापर्यंत जायची ती सोपी वाट आहे. एआयने दिलेल्या उत्तरालाही हाच नियम: स्रोत विचारायचा आणि तो स्वतः उघडून वाचायचा, कारण कधीकधी तसा स्रोतच अस्तित्वात नसतो.

खाडीत फ्लेमिंगो किती, याचं एकच वाक्य दहा संकेतस्थळांवर जसंच्या तसं दिसलं, तर ती दहा जणांची साक्ष नव्हे. एकाने लिहिलं, नऊ जणांनी उचललं. अशा वेळी प्रत्यक्ष मोजणाऱ्यांकडे जावं. ठाणे खाडीतल्या पक्ष्यांसाठी बीएनएचएसचे, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी या निसर्ग-अभ्यास संस्थेचे, अहवाल आहेत.