अपूर्णांकांचे गोष्टीतून अध्यापन

प्राथमिक शाळेत, मुख्यतः तिसरी ते पाचवीत, गोष्टीतल्या वाटणीच्या पेचातून अंश-छेदाची ओळख करून देण्याची पद्धत. येथील विवेचन मराठवाड्यातील शाळांपुरते आहे.

गोष्टीची कसोटी एकच : वाटणी चुकली तर गोष्टीत कुणाचे तरी बिघडले पाहिजे. सशाच्या हाती अर्धे गाजर दिले म्हणून गोष्ट होत नाही. तो वेष पालटलेला स्वाध्यायच, आणि मुले तो लगेच ओळखतात.

लातूर-धाराशिवकडे वेळ अमावस्येला (बोलीत येळवस) शेतात पंगती बसतात. भज्जी-आंबिलीवर ताव मारून झाला, चार पोरे उशिरा पोचली आणि दुरडीत भाकरी उरल्या तीनच. इथे गुरुजींनी गोष्ट थांबवावी आणि कागदाच्या गोल चकत्या वाटाव्यात. काही गट प्रत्येक भाकरीचे चार तुकडे करून प्रत्येकाला तीन चतकोर देतात. काही जण दोन भाकरींचे अर्धे-अर्धे करतात आणि तिसरीची चतकोर-चतकोर वाटतात. मग ‘जास्त कुणाला मिळाली?’ यावरून वाद पेटतो. तो लगेच मिटवू नये, खरा तास तोच. तुकडे एकमेकांवर ठेवले की १/२ + १/४ = ३/४ हे नियम शिकवण्याआधीच दिसते. पाऊण हा शब्द तर मुले घरून घेऊनच आलेली असतात. आधी वस्तू, मग चित्र, शेवटी चिन्ह हा क्रम अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांच्या मांडणीशी जुळणारा आहे.

आठ चारपेक्षा मोठा, म्हणून १/८ हा १/४ पेक्षा मोठा, ही चूक हटकून होते. तेव्हा पंगतीत आणखी चौघे आणून बसवावेत : एकाच भाकरीला चारऐवजी आठ धनी झाले की चतकोराची नितकोर होते.

भाग समान हवेत, हे ठसवायला ऊस बरा. सहा कांड्यांच्या उसाचे एक कांडे म्हणजे १/६ ऊस का? नाही, बुडख्याकडची आणि शेंड्याकडची कांडी सारखी नसतात.

सर्वांत दुर्लक्षित राहतो तो ‘पूर्ण’ कशाला धरायचे हा प्रश्न. बीड भागातल्या ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, एकटा मजूर म्हणजे अर्धा कोयता. एक अख्खा माणूस अर्धा कसा, यावर मुलांना बोलू द्यावे; मात्र वर्गात ऊसतोड कामगारांची मुले असतील तर गोष्ट थट्टेवर जाणार नाही याची काळजी घ्यावी. पाचवीत पैसेवारीही (पीक किती आले याचा सरकारी अंदाज) घेता येते. तिथे पूर्ण म्हणजे ठरवून दिलेले प्रमाण उत्पन्न, एक रुपया. पन्नास पैसे म्हणजे त्याच्या निम्मे पीक.

भाकरीची गोष्ट तृतीयांशापाशी अडते. गोलाचे तीन सारखे भाग हाताने नीट जमत नाहीत. तिथे कागदाची लांब पट्टी किंवा तीस गुंठ्यांचे रान घ्यावे.

मूल्यमापनासाठी मुलांनाच गोष्ट रचायला सांगतात. ‘१/२ + १/४’ साठी एखाद्याने ‘अर्ध्या भाकरीतली पाव ताईला दिली’ असे लिहिले, तर त्याने पूर्ण भाकरीची पाव (१/४) न धरता अर्ध्याची पाव, म्हणजे १/८, धरली असावी. शिवाय मिळवण्याऐवजी काढून दिली. हा गोंधळ उत्तरपत्रिकेतल्या नुसत्या आकड्यांतून कळत नाही.