हॅम्पटन की जॅक्सन? लांब सूर ऐका, कळेल

जॅझ नव्याने ऐकायला लागलं की व्हायब्राफोनवर हा घोळ हमखास होतो, वाजवतोय तो लायोनेल हॅम्पटन की मिल्ट जॅक्सन? वाद्य तेच. (झायलोफोन नाही हं, त्याच्या पट्ट्या लाकडाच्या, याच्या अ‍ॅल्युमिनियमच्या, खाली नळ्या आणि नळ्यांची तोंडं उघडझाप करत मोटरवर फिरणाऱ्या चकत्या.) त्यात जॅक्सन या वाद्याकडे वळला तोच हॅम्पटनला ऐकून.

हॅम्पटन मुळात ड्रमर, जन्म 1908 चा. 1930 ला ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँगबरोबर रेकॉर्डिंगला गेला, तिथे स्टुडिओत व्हायब्राफोन होता, तो त्याने वाजवला आणि तिथून सगळं सुरू झालं. 1936 पासून क्लॅरिनेटवादक बेनी गुडमनच्या क्वार्टेटमध्ये, म्हणजे चौघांच्या ग्रुपमध्ये. म्हणजे स्विंगचा, त्या काळच्या नाचत्या जॅझचा माणूस, हात ड्रमरचाच, प्रत्येक ठोका खणखणीत.

जॅक्सन 1923 चा, डेट्रॉइटचा. पोरवयात गॉस्पेल (चर्चमधली भक्तिगीतं) क्वार्टेटमध्ये गायचा आणि माझ्या मते सगळी गोम इथेच आहे. हॅम्पटनच्या चकत्या सेकंदाला साधारण 10 वेळा फिरायच्या, याने त्या तीन-साडेतीनवर आणल्या, त्यामुळे सूर थरथरायचा थांबला आणि गाणाऱ्याच्या गळ्यासारखा संथ हलायला लागला, आपल्या शास्त्रीय गाण्यातलं आंदोलन, सूर हळू झुलवणं, आठवतं अगदी. खरं तर इथे सूर वरखाली होत नाही, आवाज फक्त लहानमोठा होतो, तरी कानाला ते गाणंच वाटतं!

1945 ला ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पीने त्याला डेट्रॉइटमध्ये ऐकलं आणि जॅक्सन थेट बीबॉपच्या ऐन गर्दीत न्यूयॉर्कला. बीबॉप म्हणजे पळत्या लयी, झपाझप बदलणारे कॉर्ड, त्यात असा निवांत, ब्लूजमध्ये भिजलेला सूर टिकवणं सोपं नव्हतं, त्याने ते केलं. पुढे गिलेस्पीच्याच बिग बँडमधल्या साथीदारांतून मॉडर्न जॅझ क्वार्टेट उभं राहिलं, 1952 पासून, पियानोवर जॉन लुईस. लुईसची शिस्तीची, मोजूनमापून केलेली रचना आणि तिच्यावर जॅक्सनचं मोकळं वाजवणं, ही ओढाताण मला फार आवडते. 1974 ला जॅक्सन बाहेर पडला तसा ग्रुपच थांबला, 1981 ला परत जमले.

डोळ्यांखालच्या फुगवट्यांमुळे त्याला 'बॅग्ज' म्हणायचे, त्याची 'बॅग्ज ग्रूव्ह' ही धून त्यावरूनच. तिचं ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस आणि पियानोवादक थेलोनियस मंकबरोबरचं 24 डिसेंबर 1954 चं रेकॉर्डिंग हेडफोन लावून ऐका, आणि लगेच हॅम्पटनचं 1942 चं 'फ्लाइंग होम' लावा.