प्रत्यारोपित यकृताची सोनोग्राफी आणि फायब्रोस्कॅन: दिसायला सारख्या, कामाने वेगळ्या

यकृत प्रत्यारोपण झालेल्या रुग्णाच्या फाइलमध्ये पोटाच्या सोनोग्राफीचा आणि फायब्रोस्कॅनचा असे दोन अहवाल एकामागे एक लावलेले असतात. दोन्ही वेळा रुग्णाला उताणे झोपवतात, जेल लावतात आणि प्रोब टेकवतात, त्यामुळे एकच तपासणी दोनदा झाली असे घरच्यांना वाटते. आरमोरी, चिमूर किंवा दारव्ह्याकडच्या कुटुंबाला नागपूरची प्रत्येक फेरी बुडालेली मजुरी, एसटीचे भाडे आणि सोबतच्या माणसाची सोय हे सगळे धरून करावी लागते. म्हणून "तालुक्याला सोनोग्राफी झाली, लिव्हर बरोबर आहे म्हणे, मंग हे आणखी कायले?" हा प्रश्न रास्तच आहे आणि त्याला सविस्तर उत्तर मिळायला हवे.

सोनोग्राफी चित्र दाखवते. ध्वनिलहरींच्या प्रतिध्वनीवरून यकृताचा आकार, त्याची कड, आतील गाठी, पित्तनलिकांची रुंदी आणि पोटात साचलेले पाणी दिसते; डॉपलर जोडले की रक्तप्रवाहही कळतो. प्रत्यारोपणानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत या डॉपलरला पर्याय नाही. शस्त्रक्रियेत यकृताची धमनी, आतड्यांकडून यकृतात रक्त आणणारी प्रवेशिनी शीर आणि यकृतातून बाहेर जाणाऱ्या शिरा जोडलेल्या असतात आणि त्यांत रक्ताची गुठळी अडकू शकते. धमनीचा धोका सर्वांत गंभीर असतो, कारण प्रत्यारोपित यकृताच्या पित्तनलिकांना रक्त मुख्यतः याच धमनीतून मिळते आणि ती बंद पडली तर नलिका आतून सडू लागतात. अहवालात 'रेझिस्टिव्ह इंडेक्स' म्हणून येणारा आकडा याच धमनीतील रक्तप्रवाहाला होणाऱ्या विरोधाचा असतो आणि तो साधारण ०.५ ते ०.८ च्या दरम्यान अपेक्षित असतो. फायब्रोस्कॅन यातले काहीही सांगू शकत नाही, कारण त्यात यकृताचे चित्रच उमटत नाही.

सोनोग्राफी उणी पडते ती व्रणांच्या, म्हणजे फायब्रोसिसच्या बाबतीत. यकृतात व्रणाचे धागे विणले जाऊ लागतात तेव्हा सुरुवातीच्या टप्प्यांत चित्र जवळजवळ तसेच राहते. पृष्ठभाग खडबडीत होणे, आतील पोत भरड दिसणे ही बरीच पुढची लक्षणे आहेत. म्हणून सोनोग्राफीतील 'नॉर्मल' या शब्दाचा अर्थ 'व्रण नाहीत' असा घेता येत नाही. प्रत्यारोपित रुग्णात आणखी एक फसगत होते. जुन्या सिरॉसिसमुळे, म्हणजे व्रणांनी यकृत घट्ट आणि गाठाळ झाल्यामुळे, वाढलेली प्लीहा (पानथरी) नवे यकृत बसल्यावरही अनेकदा वर्षानुवर्षे मोठीच राहते, आणि अहवालात 'प्लीहा वाढलेली' असे वाचून नवे यकृतही बिघडले, अशी घरच्यांची विनाकारण समजूत होते.

फायब्रोस्कॅन यकृताचा ताठरपणा मोजते. हे एकोसेन्स या फ्रेंच कंपनीच्या यंत्राचे नाव असून ते २००३ च्या सुमारास वापरात आले; तपासणीचे शास्त्रीय नाव ट्रान्झिएंट इलॅस्टोग्राफी. उजवा हात डोक्याखाली घेऊन रुग्ण झोपतो, उजव्या बरगड्यांच्या फटीत प्रोब ठेवतात आणि प्रोबचे टोक त्वचेवर हलकी टिचकी मारते. त्या टिचकीची लहर यकृतातून पुढे सरकते आणि त्याच प्रोबमधील अल्ट्रासाउंड तिचा वेग टिपतो. सैल दोरीपेक्षा ताणलेल्या दोरीतून कंप लवकर पोहोचतो, तशीच ही लहर ताठर यकृतात वेगाने धावते. नेहमीच्या एम प्रोबने त्वचेखाली २.५ ते ६.५ सेंटिमीटर खोलीचा भाग मोजला जातो, म्हणजे बायोप्सीत सुईने तपासणीसाठी काढलेल्या यकृताच्या तुकड्याच्या सुमारे शंभरपट. किमान १० मोजण्या घेऊन त्यांचा मध्यांक किलोपास्कल या ताठरपणाच्या एककात लिहितात. त्याशेजारी 'आयक्यूआर/मेडियन' हा टक्का असतो. तो ३० च्या वर असेल तर मोजण्या आपसांत जुळलेल्या नाहीत आणि त्या आकड्यावर फार विसंबू नये. त्याच कागदावर 'कॅप' नावाचा १०० ते ४०० च्या पट्ट्यातील आकडा असतो, तो चरबीचा. व्रणांशी त्याचा थेट संबंध नाही.

माझ्या मते सर्वांत मोठा घोटाळा इथेच होतो: ताठरपणा म्हणजे व्रण, असे समीकरण मनात पक्के बसते. व्रणांमुळे यकृत ताठर होते हे खरेच, परंतु सूज आली, पित्त तुंबले किंवा हृदयाच्या कमजोरीमुळे यकृतात रक्त साठले तरीही ते ताठर होते, आणि ही तिन्ही कारणे दूर झाली की आकडा खाली येऊ शकतो. प्रत्यारोपितात ही शक्यता अधिक. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या आठवड्यांत आकडा मुळातच चढलेला असू शकतो. नवे यकृत शरीराने नाकारू नये म्हणून दिल्या जाणाऱ्या टॅक्रोलिमस या औषधाचे डोस चुकून शरीराने नवे यकृत नाकारायला सुरुवात केली तरी तो वाढतो. पित्तनलिका जोडाच्या जागी आकसली तरी वाढतो, आणि तिथे स्टेंट (नलिका उघडी ठेवणारी बारीक नळी) बसवल्यावर उतरतो. अशा वेळी 'पुन्हा सिरॉसिस झाला' म्हणून हातपाय गाळणे जितके चुकीचे, तितकेच 'मशीनची चूक असेल' म्हणून घरी बसणेही घातक आहे. आकडा का वाढला हे शोधताना सोनोग्राफी पुन्हा कामी येते, कारण फुगलेली पित्तनलिका तिलाच दिसते.

जेवणानेही आकडा वाढतो, कारण खाल्ल्यावर यकृताकडे जाणारे रक्त वाढते; म्हणून तपासणीपूर्वी किमान तीन तास पोट रिकामे असावे लागते. पहाटेच्या गाडीने निघालेला माणूस नागपूरला उतरताच बसस्थानकाबाहेर तर्री-पोह्यांची प्लेट खातो, ते कोणी विचारत नाही आणि तोही सांगत नाही. मग त्या आकड्यावरून पुढच्या तपासण्या लिहिल्या जातात. तपासणीची वेळ ठरवतानाच उपाशी येण्याची सूचना मराठीत आणि स्पष्ट शब्दांत द्यायला हवी, असे मी आग्रहाने म्हणेन.

कितीच्या पुढे काळजी करायची, याचे एकच उत्तर नाही. प्रत्यारोपणानंतर हेपटायटिस सी उलटलेल्या रुग्णांवर बार्सिलोनात झालेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ८.५ किलोपास्कल ही लक्षणीय व्रणांची सीमा निघाली होती. पण ती त्या आजाराची सीमा आहे. नव्या यकृतात चरबी साचलेल्या किंवा दारू पुन्हा सुरू झालेल्या माणसाला ती जशीच्या तशी लागू पडत नाही. त्यापेक्षा एकाच रुग्णाचे, एकाच यंत्रावरचे, उपाशीपोटी घेतलेले आकडे तारखेनुसार मांडून पाहणे अधिक उपयोगाचे असते. ५ वरून ६ हा फरक मोजणीतलाच असू शकतो, ५ वरून ११ हा नसतो.

मोठ्या केंद्रांत सोनोग्राफीच्या यंत्रावरच 'शिअर वेव्ह इलॅस्टोग्राफी' करतात. तिच्यात डॉक्टर चित्र पाहून जागा निवडतात आणि लहर यकृताच्या आतच निर्माण होते, त्यामुळे पोटात पाणी असतानाही ती करता येते. फायब्रोस्कॅनची टिचकी पाण्यातून पुढे जात नाही. आईवडिलांच्या यकृताचा डावा तुकडा बसवलेल्या लहान मुलांत तर यकृत उजव्या बरगड्यांमागे नेहमीच्या जागी नसते, तिथे चित्र पाहून मोजणेच योग्य ठरते. मात्र या अहवालात आकडा कधी किलोपास्कलमध्ये, तर कधी मीटर प्रति सेकंद असा येतो. १.७ मीटर प्रति सेकंद हा वेग किलोपास्कलमध्ये सुमारे ८.७ होतो, म्हणून मागच्या वेळी ८.५ होते आणि आता १.७ वर आले, असा आनंद मानण्याआधी आकड्यापुढचे एकक वाचावे. शिवाय दोन वेगळ्या यंत्रांचे आकडे, एकक सारखे असले तरी, एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत.

दोन्ही तपासण्या करूनही कारण उलगडले नाही, किंवा रक्तातील एन्झाइम्स चढलेली असून नाकारणीचा संशय असेल, तर बायोप्सी टाळता येत नाही, कारण ताठरपणा सुजेचा की व्रणाचा हे शेवटी पेशी पाहूनच ठरते. तिला जाताना फायब्रोस्कॅनचे जुने सर्व कागद, त्या-त्या दिवसाच्या रक्ततपासणीसह आणि शस्त्रक्रियेच्या डिस्चार्ज कार्डासह, सोबत न्यावेत.