टिटवी, तिचा आरडाओरडा आणि पावसाचा अंदाज

रात्री टिटवी ओरडत घरावरून गेली की गावाकडची म्हातारी माणसं आजही दचकतात, आता कुणाचं तरी काही खरं नाही म्हणतात, आणि घरात कुणी आजारी असेल तर मग विचारूच नका. तिचा गुन्हा एवढाच की ती रात्री पण जागी असते. मागचं बोट अगदी नावापुरतं, त्यामुळे फांदी पकडून बसणं जमत नाही, सगळा संसार जमिनीवर. घरटं म्हणजे मुरमाड जागेत नुसता खळगा, कडेला चार खडे नाहीतर बकरीच्या लेंड्या. कुत्रा, मुंगूस, माणूस, कुणीही जवळ आलं की नर-मादी दोघं डोक्यावर घिरट्या घालत टिवटिव टिवटिव करून रान डोक्यावर घेतात. आता आजारी माणसाच्या घरी रात्री-अपरात्री बॅटऱ्या घेऊन ये-जा असतेच, तेव्हा टिटवी उठणारच की! अपशकुन तिथूनच चिकटला असावा, असा माझा आपला अंदाज.

अंडी मातकट आणि त्यावर काळे ठिपके, दोन पावलांवर असली तरी दिसत नाहीत. पिल्लं अंड्यातून निघाली की काही तासांत चालायला लागतात आणि आईबापांनी इशारा दिला की जिथल्या तिथे चिडीचूप बसतात. भर उन्हात तर टिटवी पाण्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवून येते आणि तशीच ओली अंड्यांवर बसते, म्हणजे अंडी उबवायची नाही तर चक्क थंड ठेवायची, हे मला सगळ्यात भारी वाटतं.

पावसाचा अंदाज पण तिच्याच अंड्यांवरून. उंचावर घातली तर पाऊस जास्त, खोलगट जागी घातली तर कमी, आणि जितकी अंडी तितके महिने पाऊस. गंमत अशी की टिटवी बहुतेक वेळा चारच अंडी घालते, म्हणजे चार महिने पावसाळा हे भाकीत चुकणार कसं? उंचीचं म्हणाल तर तिला चहूकडचं दिसेल अशी उघडी, खडे असलेली जागा लागते बस. हल्ली इमारतींच्या सपाट गच्चीवर आणि रेल्वे रुळांमधल्या खडीत पण ती अंडी घालते.

राहिलं ते पाय वर करून झोपण्याचं, आभाळ पडलं तर झेलायला म्हणे. प्रत्यक्षात ती उभ्या-उभ्या नाहीतर जमिनीवर बसून झोपते, तेही अर्धवटच.